जुना खेळ विकताना

मुलाने खेळून संपविलेल्या व्हिडिओ गेमच्या डिस्क दुकानात द्याव्यात, की इंटरनेटवर जाहिरात देऊन आपणच विकाव्यात, असे एका गृहस्थांनी आम्हांस विचारले.

दुकानदार भाव कमी देतो हे खरे. परंतु डिस्क पुन्हा खपेपर्यंत त्याचे पैसे अडकतात, आणि न खपल्यास तोटाही त्याचाच. पुष्कळदा तो रोख रकमेऐवजी दुसऱ्या खेळाच्या किमतीत सूट देतो. तेव्हा रोख किती व सूट किती, हे आधी विचारून घ्यावे. ओएलएक्ससारख्या ठिकाणी स्वतः विकल्यास मधला नफा वाचतो. पण घासाघीस आणि फसवणुकीचे भय आपल्या पदरी येते. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. तो टाकावयास सांगणारा ठगच समजावा.

इंटरनेटवरून उतरवून घेतलेला खेळ मात्र सहसा कोठेच विकता येत नाही. म्हणून विकत घेतानाच विचार करावा.

आणि डिस्कवर ओरखडा असेल, तर तो मुलानेच गिऱ्हाइकास दाखवावा, असे आम्हांस वाटते. चार पैसे कमी येतील. परंतु सचोटीच्या व्यवहाराचा पहिला धडा त्यास घरीच मिळेल.