पिशवी काढण्याची घाई कोणासाठी?



बीड जिल्ह्यात २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. त्यापेक्षा पिशवीच काढा, असा हा हिशेब!

डॉक्टरांचा हिशेब वेगळा हवा. रक्तस्राव गाठीमुळे की थायरॉइडमुळे, हे आधी तपासायचे. वय, हिमोग्लोबिन, मूल हवे की नको, हे पाहायचे. पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडा तपासायचा. कर्करोग नसेल तर पुष्कळदा ट्रानेक्झॅमिक ॲसिड, हार्मोनच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन यांवर भागते. पिशवी काढणे शेवटी.

आम्हा महाराजपूर-जबलपूरच्या रेल्वे-टपाल कुटुंबांना रेल्वे इस्पितळ, सीजीएचएस आहे. तरी असा सल्ला मिळाल्यास कारण लेखी मागा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. ऊसतोड भगिनींना हा आधार नाही. त्यांच्या पाळीच्या पगारी रजेची मागणी महासंघाने उचलावी.