चाचणीच्या तक्त्यातील घरची भाषा

शाळकरी मुलांना काय येते हे पाहण्यासाठी साऱ्या राज्यात एकाच वेळी चाचण्या घेणे हा आता शासनव्यवहाराचा नित्याचा भाग झाला आहे. महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाखाली पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर तिसरी, सहावी व नववीच्या वर्गांचे ‘परख’ सर्वेक्षण झाले, आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये तिसरी, पाचवी व आठवीची आपली स्वतंत्र पाहणी केली. अशा चाचण्या असू नयेत, असे येथे म्हणावयाचे नाही. त्यांत ‘भाषा’ या नावाखाली नेमके काय मोजले जाते, एवढाच प्रश्न आहे. आणि तो केवळ शिक्षणखात्याचा म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी सोडून देण्याजोगा नाही.

या प्रश्नाचा विचार तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु या गावापासून करणे सोयीचे आहे. सरफोजी दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ येथे छत्र उभारले. तंजावरची छत्रे म्हणजे नुसती अन्नछत्रे नव्हेत. तेथे विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची, आजाऱ्यांच्या औषधपाण्याची आणि अनाथ मुलांच्या संगोपनाचीही व्यवस्था असे. १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिन यास पाठविलेल्या पत्रात सरफोजींनी तिचे वर्णन केले आहे. तमिळ मुलखात मराठी राजाने चालविलेली ही विद्यादानाची परंपरा बहुभाषी होती, हे सरस्वती महालातील संग्रहावरूनच स्पष्ट होते.

मद्रास इलाख्यातील शाळांची पहिली व्यापक गणती थॉमस मन्रो यांच्या २५ जून १८२२ च्या टिपणानुसार झाली. एकूण शाळा व पाठशाळा १२,४९८ आणि विद्यार्थी १,८८,६५० भरले. तंजावर जिल्ह्याच्या वाट्यास ८८४ शाळा व १०९ उच्च पाठशाळा आल्या. मन्रोंच्या तक्त्यात जातींचे रकाने होते, मुलामुलींचे होते. भाषेचा मात्र नव्हता. बेळ्ळारीचे कलेक्टर कॅम्पबेल यांनी १८२३ च्या आपल्या अहवालात ही उणीव भरून काढली. त्यांच्या जिल्ह्यातील ५३३ शाळांपैकी २३५ कन्नड, २२६ तेलुगू, २३ मराठी, २३ संस्कृत, २१ फारसी, ४ तमिळ आणि १ इंग्रजी होती. याहून महत्त्वाचे असे, की मुले पद्यग्रंथ घडाघडा म्हणतात, परंतु ग्रंथांची भाषा बोलीहून फार दूरची असल्याने त्यांना अर्थ कळत नाही, हेही त्यांनी नमूद केले. कॅम्पबेल यांची देशी शाळांविषयीची सगळी मते स्वीकारण्याचे कारण नाही. तथापि वाचता येणे वेगळे आणि समजणे वेगळे, हा त्यांनी दाखविलेला भेद आजही मोलाचा आहे.

आजच्या चाचणीत तो भेद एका आकड्यात विरघळून जातो. भाषेच्या उत्तरपत्रिकेत कमी गुण पडले, तर मुलाला अक्षरओळख नाही, की उताऱ्याची ग्रांथिक भाषा त्याच्या बोलीपासून दूर आहे, की घरी सर्वस्वी निराळीच भाषा बोलली जाते, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. तिन्ही दुखण्यांवर उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

तंजावरी मराठी बोलणाऱ्या घरातील मूल तमिळ शाळेत मागे पडतेच असे नाही. अंगणात आणि बाजारात तमिळच त्याच्या कानी पडते. त्याचे नुकसान गुणांत दिसत नाही. त्याची मराठी कोणत्याच तक्त्यात येत नाही, म्हणून ती शाळेच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते. सरस्वती महालातील मोडी कागद उद्या वाचणार कोण, याची काळजी वाहणाऱ्यांनी या अदृश्यतेची दखल घेतली पाहिजे.

परंतु तंजावरबद्दल हळहळणाऱ्या मराठी माणसाने घराकडेही पाहावे. मेळघाटातील कोरकू, नंदुरबारमधील भिल्ली व गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलासमोर मराठी शाळेत येणारी पत्रिका ‘प्रथम भाषा’ म्हणून येते. ती प्रथम कोणाची? येथे तर गुणही जातात, आणि ‘मूल अप्रगत’ हा शेरा भाषेतील अंतराऐवजी बुद्धीवर बसतो. तमिळनाडूत आपण अल्पसंख्य म्हणून जी अपेक्षा करू, ती महाराष्ट्रात बहुसंख्य म्हणून पुरी करण्याचे दायित्व आपल्यावर येते.

यासाठी दोन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, प्रत्येक उत्तरपत्रिकेवर घरच्या भाषेचे नाव लिहिले जावे. ती शाळेच्या भाषेहून वेगळी आहे की नाही, एवढे ‘होय–नाही’ पुरणार नाही. दुसरी, तिसरीपर्यंतच्या चाचणीत ऐकून समजण्याचा तोंडी भाग असावा, आणि तो शक्य तेथे मुलाच्या बोलीतही घेतला जावा. यांत खर्च आहे, शिक्षकांची अडचण आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याशिवाय निघणारा आकडा मुलाचे ज्ञान सांगतो असे समजणे, ही सोयीची समजूत ठरेल.

भाषेची परीक्षा घेणाऱ्याने आधी मुलाची भाषा विचारावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. बेळ्ळारीच्या एका कलेक्टराला दोनशे वर्षांपूर्वी सुचलेला रकाना आजच्या शासनांना सुचू नये, याचे मात्र नवल वाटते.