सोपा विषय कोणाच्या कामाचा?

बौद्ध बंधू-भगिनींनो,

आपल्या घरचे मूल वकिलीच्या शिक्षणासाठी विधिमहाविद्यालयात पाऊल टाकते, तेव्हा साऱ्या वस्तीला अभिमान वाटतो. परंतु ऐच्छिक विषय निवडण्याची वेळ आली की कोणता विचार कानी येतो? “यात गुण सहज मिळतात”, “मित्राने हाच घेतला”, “त्याचे पुस्तक फार जाड आहे, सोडून दे!” ज्ञानाची दारे शतकानुशतके ज्यांना बंद होती, त्यांच्या लेकरांनी ती उघडताच सोपी वाट शोधावी काय?

याहून घातक असा दुसरा उपदेश आहे. “तुम्हाला राज्यघटना आणि आरक्षण कळले म्हणजे पुरे, मालमत्ता, कंपनी, कर हे धनिकांचे विषय.” हा उपदेश हितचिंतकाने केला तरी तो त्याज्यच होय. चवदार तळ्याचा दावा आठवा. १९२७ साली महाडचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळविला. तळे खाजगी की सार्वजनिक? बंदीची वहिवाट अनादि असल्याचा पुरावा कोठे आहे? वाद या प्रश्नांचा होता. म्हणजेच तो मालमत्तेचा, पुराव्याचा व दिवाणी प्रक्रियेचा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला, तेव्हा आजची राज्यघटना जन्मालाही आली नव्हती. खुद्द बाबासाहेबांनी १९२५ पासून काही वर्षे मुंबईत व्यापारी कायदा शिकविला, हेही विसरू नका.

“हिंदू कायद्याशी आता आपला संबंध काय?” असे म्हणून कौटुंबिक कायद्याकडे पाठ फिरविणारेही आढळतात. त्यांना एवढेच सांगावे की १९५५ चा हिंदू विवाह कायदा व १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहेत. धर्मांतर केलेल्या भगिनीच्या पोटगीचा वा वारसाहक्काचा प्रश्न उद्भवल्यास तिने कोणाच्या दारी जावे?

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी सक्तीचे विषय ठरवून दिले आहेत. मसुदालेखन व अभिरूप न्यायालय ही प्रत्यक्ष कामाची अंगेही सक्तीचीच आहेत. ती उरकून टाकू नका. दावा लिहिता न येणारा वकील पक्षकाराच्या काय उपयोगाचा? सनदेनंतर वकिली चालू ठेवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय परीक्षेतही कंपनी, कर व कामगार कायद्यावर प्रश्न असतात.

विषय सोडणे हा मात्र गुन्हा नव्हे. केवळ प्रतिष्ठेपायी घेतलेला ऐच्छिक विषय आपल्या ध्येयाशी जुळत नाही असे आरंभीच्या तासांतच कळून आले, तर महाविद्यालयाने दिलेल्या मुदतीत तो अवश्य बदलावा. पण तत्पूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा विषय मी भीतीने सोडतो आहे की विचाराने? त्याच्या जागी काय घेणार? आणि माझ्या वस्तीतील माणसे कोणते दावे घेऊन माझ्याकडे येतील? वतनाच्या जमिनीचा सातबारा, थकलेली मजुरी, अत्याचाराची न नोंदलेली फिर्याद, हे दावे उद्या येणारच आहेत.

आईबापहो, मुलाला गुण किती पडले हे जरूर विचारा, परंतु त्याआधी विचारा, “बाळा, विषय कोणते घेतलेस, आणि कोणासाठी?”