पहिल्या प्रवाशाने व्हिसा मागावा कसा?

कुंभकोणमजवळचे तिरुविडैमरुदूर हे महालिंगस्वामीचे प्राचीन क्षेत्र. इंग्रजांनी १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवरून दूर केलेले अमरसिंह भोसले पुढे येथेच राहिले. येथून पूर्वेला जेमतेम पन्नास किलोमीटरवर कारैकल बंदर आहे. १७३९ मध्ये ते फ्रेंचांच्या हाती गेले, तेही तंजावरच्या मराठा दरबाराशी झालेल्या व्यवहारातून. या किनाऱ्यावर फ्रेंचांनी कोणत्या अटींवर पाऊल ठेवावे, हे तेव्हा मराठी राज्यकर्ते ठरवीत होते.

१६ ऑगस्ट १९६२ रोजी फ्रेंच वसाहतींचे कायदेशीर हस्तांतर पूर्ण झाले आणि तेथील रहिवाशांना राष्ट्रीयत्वाचा विकल्प मिळाला. ज्यांनी फ्रेंच राष्ट्रीयत्व राखले, त्यांच्या कुटुंबीयांनी २०१७ च्या फ्रेंच अध्यक्षीय निवडणुकीतही कारैकलात मतदान केले. पॅरिसला जाण्यासाठी त्यांना व्हिसा लागत नाही.

तिरुविडैमरुदूरच्या एखाद्या तंजावरी मराठी निवृत्त शिक्षकाने सपत्नीक तेच पॅरिस पाहायचे ठरविले, तर मात्र त्याचा मार्ग प्रथम व्हिसा अर्जकेंद्राकडे जातो. बोटांचे ठसे देण्यासाठी दुसऱ्या शहराचा प्रवास, तोही भेटीची वेळ मिळाली तर. प्रत्येकी ९० युरो शुल्क (जून २०२४ पर्यंत ते ८० होते), वर सेवाकेंद्राचा आकार, किमान ३० हजार युरोंचे विमासंरक्षण, बँकेची विवरणपत्रे आणि मुक्कामाचा पुरावा. हॉटेल आरक्षित असेल तर दिवसाला ६५ युरो आणि नसेल तर १२० युरो खर्चण्याची ऐपत दाखवावी लागते. नातलगाकडे उतरायचे असल्यास तेथील नगरपालिकेने प्रमाणित केलेले निमंत्रण लागते. हे सारे जुळले तर १८० दिवसांतील कमाल ९० दिवसांचा प्रवेश.

कागदपत्रांबद्दल तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही. परकीयाला प्रवेश द्यावा की नाही, हा कोणत्याही राष्ट्राचा अधिकार आहे आणि मुदतीनंतर दडून राहणारे प्रवासी ही युरोपची खरी अडचण आहे. खटकते ते नकाराचे एक ठरावीक कारण : मुदत संपण्यापूर्वी परतण्याच्या आपल्या हेतूविषयी वाजवी शंका आहे. हेतू कोणत्या कागदाने सिद्ध होतो? घर, निवृत्तिवेतन, गावातली नातवंडे ही परतीची हमी मानायची की नाही, हे अधिकारी ठरवितो. छापील नमुन्यातल्या रकान्यावर खूण होते. शुल्क परत मिळत नाही. अपिलाचा हक्क आहे, पण तो नाकारणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार बजावायचा. निवृत्त शिक्षकाने फ्रान्समध्ये वकील शोधावा, अशी ही सोय!

एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी सवलत जाहीर केली. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून त्यांचा नियमानुसार वापर केलेल्याला दोन वर्षांचा आणि त्यानंतर साधारणतः पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. साऊथ ब्लॉकला त्याचे समाधान वाटणे साहजिक आहे. परंतु लाभ कोणाला? जो दोनदा जाऊन आला आहे त्याला. म्हणजे कंपनीच्या कामासाठी वरचेवर जाणारा, परदेशस्थ मुलांकडे ये-जा करणारा. पहिल्यांदा अर्ज करणारा जेथे होता तेथेच आहे, आणि शंकेचा भार त्याच्याच माथी अधिक पडतो.

फ्रेंच पर्यटकाला भारताचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. दूतावासाची पायरीही चढावी लागत नाही. तो बंद करावा असे मुळीच नाही, महालिंगस्वामीच्या दारी त्याचे स्वागतच आहे. पण संसदेत व्हिसाच्या विलंबावर प्रश्न आला की परराष्ट्र मंत्रालयाचे उत्तर बहुधा एकच असते : व्हिसा देणे हा संबंधित देशाचा सार्वभौम अधिकार. उत्तर खरे आहे, अपुरेही आहे. संपूर्ण व्हिसामुक्ती कोणी मागत नाही. पहिल्या अर्जाला नकार देताना कोणता पुरावा अपुरा ठरला हे एका वाक्यात लिहून द्यावे आणि त्या त्रुटीची पूर्तता केल्यास दुसरे शुल्क घेऊ नये, एवढे फ्रान्सशी होणाऱ्या वाटाघाटींत मांडता येईल. खासदारांनीही पुढचा प्रश्न विलंबाचा न विचारता नेमका हाच विचारावा.