गाईची घंटा आणि संगणकाची दोरी



गाय बांधावर चरते, आपण खुरपत असतो. तिच्या गळ्यातली घंटा आपण मुद्दाम ऐकत नाही. पण ती एकाएकी थांबली, की खुरपे हातात राहते आणि मान वर होते. लक्ष न देता लक्ष ठेवण्याची ही युक्ती संगणकवाल्यांनाही शोधावी लागली. ती कशी, ते पाहू.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथील मार्क वायझर यांनी १९९१ साली लिहिले, की पुढे संगणक घरातल्या वस्तूवस्तूंत मुरून जातील. पण इतकी यंत्रे एकदम हाका मारू लागली, तर माणसाने काम कधी करावे?

याचे एक उत्तर त्याच केंद्रात छताला टांगलेले होते. नॅटली जेरेमिजेंको या कलावतीने आठ फूट लांबीची प्लॅस्टिकची दोरी एका लहान मोटरला बांधली आणि मोटर संगणकांच्या तारेला जोडली. तारेतून निरोप कमी जात असले, की दोरी अधूनमधून थरथरे. गर्दी झाली, की गरगर फिरून आवाज करी. काम न सोडता सगळ्यांना कळे. वायझर आणि जॉन सीली ब्राऊन यांनी १९९५ साली या दोरीविषयी लिहिले.

आता अशी वस्तू चांगली की वाईट, हे पारखायचे कसे? माणसाला तिच्यासमोर बसवून ‘बघ’ म्हटले, की परीक्षाच फसते. कारण ती न बघता कळायला हवी. म्हणून आधी हाताला दुसरे काम द्यायचे. मग दोन गोष्टी विचारायच्या: कळायचे ते कळले का? आणि हातातले काम विनाकारण थांबले का?

हीच पारख आपल्या घरी लावा. खिशातला मोबाइल दिवसातून कितीदा वाजतो आणि त्यातल्या किती हाका खरोखर कामाच्या असतात, हे आठ दिवस मोजा. बिनकामाच्या हाका बंद करा. आग, साप, विजेचा धोका यांसाठी मात्र ओरडणारेच यंत्र हवे. तेथे हळू बोलून भागत नाही. सारखे ओरडणाऱ्याची खरी हाकही कोणी ऐकत नाही, एवढे ध्यानात ठेवा.