ऐतिहासिक वास्तूतील मद्यालय आणि सामान्यांसाठी उघडे दार

१/ सप्टेंबर २०१९. राज्यातील २५ किल्ले वारसा-हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या शासकीय बेताची वार्ता आली आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. छत्रपतींच्या इतिहासाशी निगडित किल्ल्यांना हात लावला जाणार नाही, असा खुलासा शासनाला तातडीने करावा लागला.

२/ जुन्नर-पिंपळवंडीच्या टापूत शिवनेरीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या तरुणाला हा संताप समजावून सांगावा लागत नाही. मात्र त्या गदारोळात एक बाब निसटली. शिवनेरी हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा कायदा व त्यातील २०१० ची दुरुस्ती यांमुळे अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असते आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. खरा धोका आहे तो असे कवच नसलेल्या वास्तूंना.

३/ तेरेखोलचे उदाहरण पाहावे. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी १७व्या शतकात बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी अल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकवला. गोवा मुक्त होण्यास तेव्हा सात वर्षांहून अधिक काळ बाकी होता.

४/ पुढे याच किल्ल्यात हॉटेल थाटले गेले. सात खोल्या, आणि प्रत्येकीला आठवड्यातील एका वाराचे नाव. तटाशी बसून समुद्र न्याहाळत भोजन आणि मद्यपान. या वापरामुळे वास्तूची निगा राखली गेली, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. पण पाहुण्याच्या लक्षात सोमवार आणि मंगळवार राहतात, सत्याग्रहींची नावे राहत नाहीत. किल्ल्याचा इतिहास तेथे देखाव्यापुरता उरतो.

५/ मुंबईच्या गिरणगावात याहून कठोर धडा मिळाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. गिरण्या थंडावल्या आणि कालांतराने त्यांच्या आवारांत कार्यालये, उपाहारगृहे व पब आले. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरील पबला आग लागून १४ जणांचा बळी गेला. वास्तूचा वापर बदलताना तिची सुरक्षाही नव्याने तपासावी लागते. ती न तपासल्याची किंमत माणसे मोजतात.

६/ याउलट कुलाब्याचे लिओपोल्ड कॅफे. १८७१ पासून चालत आलेल्या या उपाहारगृहात बिअर मिळते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवाद्यांनी येथे गोळीबार केला. भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा बुजवल्या गेल्या नाहीत. रस्त्यावरून जाणारा कोणीही आत येऊन त्या पाहू शकतो. येथे मद्य आणि स्मृती एकाच छताखाली नांदतात, कारण स्मृती झाकलेली नाही.

७/ म्हणून ‘मद्य नकोच’ हे सरसकट उत्तर अपुरे आहे. जन्मस्थळ, समाधी वा प्रार्थनास्थळ असेल, तर तेथे मद्यालय नसावेच. अन्य वास्तूंबाबत मात्र वापरास विरोध करण्यापूर्वी रिकामेपणाचे परिणामही पाहावेत. वापरात नसलेल्या वाड्याची कौले सरकतात, पाणी मुरते, तुळया कुजतात आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते. त्यावर कोणी मोर्चा काढत नाही.

८/ करार करतानाच तीन अटी घातल्या जाव्यात. पदार्थ विकत न घेणाऱ्यालाही ठरावीक वेळी वास्तू पाहता यावी. तेथे काय घडले, हे प्रवेशद्वारापाशीच मराठीत लिहिलेले असावे. आणि मूळ भिंती, छप्पर व बाहेर पडण्याच्या वाटा यांची तपासणी परवान्यापूर्वी व्हावी. या अटी मान्य नसलेल्याला वास्तू देऊ नये, मग तो केवळ चहा विकणार असला तरीही.

९/ शिवनेरीसाठी आवाज उठवणारे उद्याही असतील. पिंपळवंडीसारख्या गावांतील एखादा जुना वाडा, वेस वा बारव मात्र कोणत्याही यादीत नसेल, तर तिच्या बाजूने बोलणारे प्रथम गावातच असावे लागतील. त्यासाठी त्या वास्तूची मोजमापे, छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या हकिकती आजच नोंदवून ठेवाव्यात. भाडेपट्टा समोर येईल, तेव्हा वाद घालण्यासाठी हातात तेवढाच पुरावा असेल.