बरे झाल्यानंतरची फाइल

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ साली एक आगळी ओपीडी सुरू झाली. तिथे येणाऱ्या मुलांचा कर्करोग बरा झालेला होता. डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या ‘एसीटी’ (आफ्टर कम्प्लीशन ऑफ थेरपी) क्लिनिकचे काम एवढेच, की उपचार संपलेल्या मुलांना वर्षानुवर्षे बोलावत राहायचे आणि औषधांनी मागे काय ठेवले ते पाहायचे. तीन दशके उलटली. आता हा पाठपुरावा मोजक्या मोठ्या रुग्णालयांपुरता ठेवायचा, की बालपणी कर्करोगातून वाचलेल्या प्रत्येकाचा तो हक्क मानायचा?

हक्क मानावा, या बाजूला वैद्यकीय आधार भक्कम आहे. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध कर्करोगाला आवरते, पण हृदयाचा स्नायू दुबळा करू शकते आणि ते कित्येक वर्षांनी उघडकीस येते. सिस्प्लॅटिनने ऐकू येणे कमी झालेले मूल वर्गात ‘लक्ष नसते’ म्हणून बोलणी खाते. डोक्याला रेडिएशन मिळालेल्या मुलांची वाढ खुंटू शकते, अभ्यास जड जाऊ शकतो. लहानपणी छातीवर रेडिएशन घेतलेल्या मुलीची स्तनांची तपासणी साधारण पंचविशीपासून दरवर्षी व्हावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. एरवी त्या वयात अशी तपासणी कोणी करत नाही. मग जुने कागद समोर नसतील, तर तालुक्याच्या डॉक्टरला तरी ते कसे सुचावे?

दुसऱ्या बाजूचे मुद्देही झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला पैशाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांपेक्षाही कमी. संघटनेने २०१८ मध्ये ठरवलेले उद्दिष्ट २०३० पर्यंत किमान ६० टक्के एवढेच आहे. जिथे निदानच उशिरा होते आणि केमो अर्धवट टाकून कुटुंबे गावी परततात, तिथे हातातला रुपया आधी आजारी मुलावर खर्च करा, असे वॉर्डातला डॉक्टर म्हणाला तर त्याला निष्ठुर कसे म्हणणार?

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. आजार विसरायचीही मुभा माणसाला हवी. स्थळे येऊ लागली की मुलीची फाइल कपाटाच्या तळाशी जाते. तपासणीसाठी मुंबईला निघावे, तर शेजारी विचारतात, ‘अजून काही आहे का हो?’ ज्या कागदाने हृदय सांभाळले जाईल, त्याच कागदाने ठरलेले लग्न मोडू शकते, ही भीती खोटी नाही. पण लपवण्याचा धोका नेमका लग्नानंतर वाढतो. डॉक्सोरुबिसिन घेतलेल्या मुलीचे हृदय गरोदरपणाआधी तपासून घ्यावे लागते.

या साऱ्यात आईची फाइल मात्र कुणीच उघडलेली नसते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातलगाच्या खोलीत तिने महिनेच्या महिने काढलेले असतात. तिकडे गावी वडिलांनी कर्ज काढलेले, धाकटे भावंड आजीकडे. ‘आता काळजीचे कारण नाही’ असे डॉक्टरांनी सांगितले, तरी मुलाला साधा ताप आला की तिची झोप उडते. तिच्याशी बोलणारा समाजसेवक उपचारांबरोबरच मागे राहिलेला असतो.

दोन्ही बाजू तोलल्या, तर सर्वांना जन्मभर परळच्या वाऱ्या करायला लावणारा पाठपुरावा परवडणारा नाही आणि गरजेचाही नाही. हृदयाचाच दाखला घ्या. औषधाचा एकूण डोस जास्त असेल तर टूडी एको दर दोन वर्षांनी, मध्यम असेल तर पाच वर्षांनी. कमी डोस असलेल्यांना नेमाने करण्याची गरज नाही. अशी धोक्यानुसार वर्गवारी केली, की खर्च आवाक्यात येतो आणि बरीचशी तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. रेल्वे कर्करुग्णांना ठरावीक काळाने करायच्या तपासणीच्या प्रवासालाही सवलत देते. म्हणजे पाठपुरावा हा उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व सरकारने मान्य केलेलेच आहे. ते आता आरोग्य योजनांत पुरतेपणी उतरायला हवे. तपासणीच्या त्याच फेरीत आईचीही विचारपूस व्हावी.

राहिली आजार उघड होण्याची भीती. तिचे ओझे कायद्याने थोडे हलके होते. फ्रान्समध्ये २०२२ पासून, उपचार संपून पाच वर्षे झाली आणि आजार उलटला नसेल, तर कर्जाच्या विम्यासाठी कर्करोगाचा उल्लेख करावा लागत नाही. आपल्याकडे अशी तरतूद विचारात घ्यावी. लग्नाच्या बैठकीत मात्र कायदा पोहोचत नाही. तिथे इंडियन कॅन्सर सोसायटीच्या ‘उगम’सारखे, बरे झालेल्या तरुणांचे गट अधिक कामाचे. पंचविशीतली धडधाकट मुलगी समोर येऊन बोलली, की घाबरलेल्या आईबापांना दिलेला धीर खरा वाटतो.

सुरुवात मात्र स्वस्तातल्या गोष्टीपासून करता येईल. कोणती औषधे, किती डोस, रेडिएशन कुठे आणि पुढे काय तपासायचे, हे साध्या मराठीत लिहिलेले दोन पानी टिपण उपचार संपताना प्रत्येक कुटुंबाला मिळावे. आज ही माहिती बहुधा आईच्या पिशवीतल्या जाडजूड फायलीत विखुरलेली असते. अठराव्या वर्षी ते टिपण मुलाच्या हाती यावे, कुणीतरी बसून त्याला ते समजावून सांगावे. डॉक्टरांपलीकडे ते आणखी कुणाला दाखवायचे, हे मग त्याचे त्याने ठरवावे.